दिवाण एकटा जेवायचा

आमच्या कारखान्यात एक दिवाण होता. त्याची नेमणूक कंपनीने केली नव्हती, आम्ही केली होती. कंपनीच्या लेखी तो साधा हजेरीबाबू. फाटकाजवळच्या खिडकीत बसायचा आणि कोण कामावर आलं, कोण नाही, याची नोंद ठेवायचा. एवढ्या पुण्याईवर आम्ही त्याला दिवाण केलं आणि पुढे त्याला त्या पदावरून उतरू दिलं नाही.

पन्नासच्या दशकाचा मध्य असेल. पिंपरी आणि चिंचवडच्या मधे तेव्हा जोंधळ्याची रानं होती आणि रानांत अधूनमधून पत्र्याच्या नव्या शेडी उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एका शेडीत पाण्याचे पंप तयार व्हायचे. मी तिथे स्टोअरमध्ये कारकून होतो. वय बावीस, शिक्षण मॅट्रिक, आवाज बरा. या तिसऱ्या गुणामुळे दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. अर्ध्या तासात जेवण आणि एक प्रकरण. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकायचे आणि ज्यांना येत होतं तेही ऐकायचे, कारण हातात भाकरी असायची. सगळे मला मास्तर म्हणत.

पुस्तकं मी चिंचवडगावातल्या वाचनालयातून आणायचो. त्या वर्षी जे आणलं होतं त्याला मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे नावही नव्हतं. शेवटची पानंही कोणीतरी फाडून नेली होती, पण ते मला अर्ध्यावर गेल्यावर कळलं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. गोष्टीत एक राजपुत्र होता, एक दरोडेखोर होता आणि राज्य गिळायला टपलेला एक दिवाण होता.

राजपुत्र हा नायक. तो शूर होता, देखणा होता, कधी खोटं बोलत नव्हता. त्यामुळे तो आला की माणसं कांदा फोडायला घ्यायची. सगळ्यांचा जीव दरोडेखोरावर. तो लोकांना लुटायचा, पहारेकऱ्यांना गंडवायचा, पण मित्राच्या आईला आई म्हणायचा, आणि एवढ्यावर आमच्या मंडळींनी त्याला सगळं माफ केलं होतं. यांतल्या एकाही माणसाने आपल्या घरी दरोडेखोर आला असता तर त्याला पाणी विचारलं नसतं.

फिटर चाचांचं मात्र वेगळं होतं. साठीला टेकलेले, हात तेलाने काळे, आणि त्यांना फक्त दिवाण हवा असायचा. "मास्तर, दिवाणसाहेब कधी येणार ते बोला," ते म्हणायचे. "ते नसले की किस्सा फिका पडतो." आणि ते खरंच होतं. दिवाणाला शिव्या देण्यात जी गोडी होती ती राजपुत्राच्या लग्नातही नव्हती.

शिव्या द्यायला समोर कोणी असलं तर आणखी बरं. हजेरीबाबू आयता सापडला. काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा, हसणं माहीत नाही. आमच्याकडे फाटकाजवळ एक फळा होता. त्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेका कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. आत येताना आपला बिल्ला काढून खालच्या पेटीच्या फटीत टाकायचा, म्हणजे हजेरी लागली. भोंगा झाला की हजेरीबाबू पेटीवर फळी सरकवून कुलूप घाली. एक पाय फाटकाच्या आत असला तरी ती फळी परत मागे सरकत नसे. दुपारी तो आमच्यापासून वीसेक पावलांवर, खिडकीच्या ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून एकटाच डबा खायचा. कोकणातून आलेला एकटा माणूस, खोलीवर राहायचा. त्याला कोणी कडुनिंबाखाली बोलावलं नाही. दिवाणाला कोण बोलावणार?

मी स्वतःला दरोडेखोर समजत होतो. दिवसभर वायसर आणि बोल्ट मोजणाऱ्या माणसाला दरोडेखोर व्हायला फार काही लागत नाही.

श्रोत्यांत सगळ्यात पुढे बसायचा तो निगडीचा टर्नर. लेथवर हात चांगला, पण रानातलं काम निघालं की न सांगता दांडी मारायची सवय. दोनदा समज मिळाली होती. तिसऱ्यांदा घरी बसवू, असं व्यवस्थापकांनी लिहून दिलं होतं. त्याची बायको बाळंतपणासाठी आळंदीला माहेरी गेली होती. पहिलं मूल जन्मतानाच गेलेलं, त्यामुळे या खेपेला तो अगदी कावराबावरा झाला होता. त्या आठवड्यात मी वाचलं ते प्रकरण असं, की दरोडेखोर कैदेतल्या मित्राच्या जागी स्वतः किल्ल्यात जाऊन बसतो आणि मित्राला आजारी आईला भेटायला पाठवतो. टर्नरने डोळे पुसले.

"असा येक दोस्त असला ना राव," तो म्हणाला, "तर मानूस कायबी सोसंल."

हे तो पुस्तकाकडे बघून म्हणाला असावा. मला वाटलं, माझ्याकडे बघून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंग्याच्या जरा आधी फाटकात शिरलो. फळा जवळजवळ रिकामा झाला होता, पण टर्नरचा बिल्ला खिळ्यालाच होता. माझ्या लगेच लक्षात आलं. आळंदीहून निरोप आला असणार, हा तसाच गेला असणार, आणि आता तिसरी दांडी. दरोडेखोराने काय केलं असतं हे मला कालच वाचून पाठ झालं होतं. मी इकडे तिकडे पाहिलं, हजेरीबाबूची मान वहीत होती, बिल्ला काढला आणि पेटीत टाकला. स्टोअरपर्यंत मी चालत गेलो असं मला वाटत नाही. हवेतूनच गेलो असेन.

आता यात घोटाळा एवढाच होता की टर्नर या वेळी सरळ वागला होता. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने हजेरीबाबूच्या खिडकीत रजेचा अर्ज दिला होता, आणि हजेरीबाबूने तो त्याच पावली व्यवस्थापकांकडे नेऊन मंजूर करून आणला होता. म्हणजे वहीत टर्नर रजेवर आणि पेटीत टर्नर हजर. त्यातून दुसऱ्याचे बिल्ले टाकायचे प्रकार मधे वाढले होते म्हणून त्या दिवशी पेटी उघडताना व्यवस्थापक स्वतः समोर उभे होते. त्यांनी साधा हिशेब केला. रजाही घ्यायची आणि कोणाला तरी हाताशी धरून हजेरीही लावायची, हा टर्नरचा डाव. त्याला काढायचं आणि बिल्ला टाकणाऱ्यालाही काढायचं.

शेवटी शेवटी फाटकातून आलेल्या आम्हा चौघांना बोलावणं आलं. फाटकाजवळ ओळीने उभं केलं. "कोणी टाकला?" व्यवस्थापकांनी विचारलं.

आता बोलायचं, मी ठरवलं. एकच वाक्य होतं. मी टाकला, टर्नरला त्यातलं काही माहीत नाही. टर्नर वाचला असता, मी गेलो असतो, आणि पुस्तकातल्यासारखं झालं असतं. पण पुस्तकातल्या दरोडेखोराच्या पाठीमागे घरी बहिणीचं लग्न ठरलेलं नव्हतं, की दमेकरी वडील नव्हते. निदान लेखकाने तसं कुठे लिहिलं नव्हतं. मी समोरच्या फळ्यावरचे खिळे बघत राहिलो.

"साहेब, माझ्या हातून झालं," हजेरीबाबू म्हणाला. "रजेवरच्या माणसाचा बिल्ला आदल्या दिवशीच काढून ठेवायचा असतो. मी तो ठेवला नव्हता. सकाळी गडबडीत काढायला गेलो तो पेटीत पडला."

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दयेनेही नाही. भोंगा झाल्यावर आत शिरू पाहणाऱ्या माणसाकडे तो जसा बघायचा तसंच. त्याच्या खिडकीतून पेटी तीन हातांवर होती. त्याला सगळं दिसलं होतं.

व्यवस्थापकांनी आम्हाला सोडून दिलं आणि त्याला खिडकीतून उठवलं. निष्काळजी माणूस फाटकावर नको, म्हणून त्याला बाजूच्या आवारात भंगार तोलायला बसवलं. बिल्ला वेळेवर काढून ठेवला नाही ही त्याची थोडीशी चूक होतीच, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. गरज पडली की अजूनही सांगतो.

टर्नर दोन दिवसांनी आला. मुलगी झाली होती, बायको सुखरूप होती. त्याला कारखान्यातली हकिकत कळली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"मला गुतवायला टाकला त्यानं बिल्ला," तो म्हणाला. "सांजच्याला अर्ज दिला तवाच मला शंका आली व्हती. येक शब्द न बोलता घेतला. येवढं सरळ वागतोय व्हय त्यो कवा?"

सगळ्यांना पटलं. अर्ज त्यानेच मंजूर करून आणला, हे कोणी बोलून दाखवलं तर उत्तर तयार होतं, की तीच तर त्याची चाल. एकट्या चाचांना कट कच्चा वाटला. "इतकी साधी चाल दिवाणाला शोभत नाही," ते हळहळत म्हणाले. आणि मी? मी मान हलवली. नुसती हलवली, होकाराची की नकाराची ते ज्याने त्याने ठरवावं अशी.

भंगाराचं आवार कडुनिंबाला लागून होतं. त्यामुळे हजेरीबाबू आता वीस पावलांवरून पाच पावलांवर आला. तिथे पिंपावर बसून, पाठ करूनच, तो डबा खायचा. मला त्याची पाठ दिसत असताना वाचावं लागायचं, आणि मला लाज वाटायची. इतकी लाज मला आयुष्यात कोणासमोर वाटलेली नाही.

मग पुस्तकाची पानं संपली. शेवट मला रचायचा होता, आणि मला वाटलं, हीच संधी. तोंडाने सांगता येत नाही ते पुस्तकातून सांगू. मी मागच्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत वाचायला लागलो. दरोडेखोर पकडला गेला आहे, दरबार भरला आहे, राजा विचारतो आहे, खजिना कोणी फोडला? आणि दिवाण उठून म्हणतो, महाराज, तो मी फोडला, याला सोडा.

मग जो हशा पिकला तो शेडीपर्यंत गेला असेल.

"असला दिवान असतोय व्हय कुठं!" टर्नर म्हणाला.

"मास्तर," चाचा कळवळून म्हणाले, "बाकी काहीही करा, पण दिवाणाला बिघडवू नका."

पाच पावलांवरची पाठ हलली नाही. मला तिथे थांबता आलं असतं. असंच लिहिलंय, एवढं म्हणता आलं असतं. पण सगळ्या तोंडांवर निराशा होती, आणि मला त्यांचा मास्तर राहायचं होतं.

"थांबा, पुढे ऐका तर," मी म्हणालो. "हे दिवाणाचं ढोंग होतं." आणि मी दिवाणाचा कट उघडकीला आणला, दरोडेखोराला माफी दिली, आणि दिवाणाला बुरुजावरून खाली लोटलं. टाळ्या पडल्या. चाचांनी माझी पाठ थोपटली.

भोंग्याला अजून थोडा वेळ होता. मंडळी हात धुवायला नळावर गेली. हजेरीबाबू डबा पुसत माझ्याजवळ आला.

"पुस्तक परत कधी देणार?" त्याने विचारलं.

"उद्या."

"मी वाचलंय ते. दोनदा. तेव्हा शेवटची पानं होती."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"कशाला बोलायचं? तुम्ही बरं जुळवलंत. पुस्तकात दरोडेखोराला फाशी देतात. यांना ते सोसलं नसतं."

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "आणि दिवाण? त्याचं काय होतं शेवटी?"

त्याने जरा आठवून पाहिलं. "शेवटच्या प्रकरणात दिवाण नाहीच," तो म्हणाला. "लिहिणारा विसरला असेल." आणि डब्याचं झाकण लावून तो तराजूकडे निघून गेला.

बिल्ला मी टाकला, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायचं होतं ते नळावरच्या माणसांना. मी उठलो आणि खरोखरच नळापर्यंत गेलो. टर्नर तोंड पुसत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"मास्तर, रविवारी बारशाला यायचं बरं का. पयला पेढा तुमाला."

"ऐक," मी म्हणालो. "ऐका रे सगळे. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

सगळे माझ्याकडे वळले. ओले हात, तेलाचे डाग, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर रोज दुपारी वाचायला बसल्यावर असायचा तो भाव.

"नवं पुस्तक का काय?" टर्नरने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी आणलंही.