घराचा खप, सरकारचा खप

२१ मेला कोकमासाठी रातांबे फोडायला बसले होते, हात कोपरापर्यंत लाल झालेले, तेवढ्यात ठाण्याहून फोन आला. खपकाका गेले. झोपेतच, काही त्रास न होता, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. तिच्याशी बोलून मी पुन्हा कामाला लागले. फोडलेलं फळ तसंच टाकून उठलं तर वाया जातं, आणि ते काकांना खपलं नसतं.

खपकाका आमचे शेजारी. सरकारी पाहणीसाठी त्यांनी जिल्हाभर घरोघर फिरून एकच प्रश्न विचारला: गेल्या महिन्यात घरात काय काय लागलं? छापील शब्द होता 'उपभोग'. नवीन असताना पूर्णगडला मासे सुकवणाऱ्या एका बाईला त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "आपल्या घरात उपभोग किती?" ती टोपली घेऊन अंगावर आली. "मेल्या, आमी कसला उपभोग घेताव? रातदिस राबताव!" तेव्हापासून काकांनी तो शब्द सोडला, 'खप' धरला. नावही तेच पडलं.

त्यांचं खरं भांडण 'घरचं' या शब्दाशी. नारळ किती लागले विचारलं की लोक म्हणत, काहीच नाही, घरचेच आहेत. "घरचे असले तरी खाल्लेत ना?" काका विचारायचे. "मग तो खप." आमच्याकडे जेवायला बसले की माझा नवरा मुद्दाम म्हणायचा, "काका, आमटीत नारळ अर्धा. मांडून ठेवा."

इतक्या वर्षांत काय बदललं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आधी बायका तांदळापासून सुरुवात करायच्या, आता रिचार्जपासून करतात. आणि हातखंब्याला एसटीतून उतरून खाल्लेला वडा कुणी सांगतच नाही. बाहेरचं पोटात राहतं, आठवणीत राहत नाही."

मी आरोग्यसेविका. मला म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही म्हणजे सरकारचा खप." पहिल्यांदा मी चिडले. मग त्यांनी समजावलं: तुमची लस, मास्तरांचं शिकवणं हेही लोकांनाच लागतं, पैसे तेवढे सरकार देतं. "आता लोक शिकवणी लावतात, खासगी डॉक्टरकडे जातात. सरकारच्या रकान्यातलं घराच्या रकान्यात आलं, आणि घर म्हणतं, महागाई वाढली!"

काकू गेल्यावर ते एकटेच राहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. चहा कपाबाहेर ओतू लागले, एकदा पायरी चुकून पडले. मुलगी हट्टाला पेटली: ऑपरेशन ठाण्यात, चांगल्या खासगी दवाखान्यात, आणि मग कायमचं तिथेच. घर सुटेल म्हणून काका ऑपरेशनच टाळत राहिले. मी म्हटलं, "दिसत नसेल तर घर तसंही सुटणार. उद्या माझ्याबरोबर सरकारी रुग्णालयात चला."

फोनवर मुलगी ओरडली, "बाबा, फुकटच्या ठिकाणी डोळा देताय?"

"फुकट नाही गं. खर्च तोच, रकाना दुसरा."

पट्टी सुटली तेव्हा समोर मी होते. काका निरखून बघत म्हणाले, "सिस्टर, तुम्ही केस रंगवता होय!"

त्यानंतर कित्येक वर्षं ते आपल्या घरात, आपल्या हाताने चहा करून राहिले. गेल्या थंडीत पाय पार थकले तेव्हा आपणहून ठाण्याला निघाले. मुलगी न्यायला आली तेव्हा पिशवीत नारळ भरत होते.

"बाबा, ठाण्यात मिळतात नारळ."

"मिळतात. विकतचे."

मुलीने पिशवी उचलून गाडीत ठेवली.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकावी असं मनात आलं, पण गावात लसीकरण होतं. रातांब्याच्या साली उन्हात घातल्या आणि गेले. एका घरात आजी भिंत चाचपडत बाहेर आल्या. डोळे पाहिले, सुनेला सांगितलं, आजच रुग्णालयात नेऊ. ती घुटमळली. "फुकट करतात म्हंजे नीट करतील ना, सिस्टर?"

"फुकट कुठलं? साबण घेताना, तेल घेताना करात भरलेत पैसे. आजींना चपला घाला, गाडी उभी आहे."