गालिचेबाई आणि ताईंचं नाक

तिला सगळे गालिचेबाई म्हणत. लोकांच्या घरातले मळलेले गालिचे ती आणायची, आपल्या शेडमध्ये धुवायची, वाळवायची आणि परत जागच्या जागी अंथरून द्यायची. नवरा टेम्पो चालवायचा आणि जड वळकट्या खांद्यावर घ्यायचा. बाकी डोकं सगळं तिचं. गालिचा आधी पालथा घालून पाठीवर थापटायचा, म्हणजे मुळाशी बसलेली माती गळून पडते. मग पांढरं ओलं फडकं दाबून रंग सुटतो का ते बघायचं. पाणी त्यानंतर. घाई तिला खपत नसे. "धुणं सोपं असतं, वाळवणं अवघड," असं ती नवऱ्याला सांगायची, आणि तो मान हलवून पंख्याचं बटण दाबायचा.

गालिचा परत देण्याआधी ती गुडघे टेकून त्याच्या लोकरीत नाक खुपसायची. वरून कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, पण मुळात ओल राहिली की वास सांगतो. तिचं नाक कधी चुकलं नव्हतं.

मग तिला ताप आला. चांगला लांबला, अंगातली शक्ती पिळून घेऊन गेला. शक्ती हळूहळू परत आली, खोकला थांबला, पण वास काही परत आला नाही. तिला आधी ते कळलंच नाही. कळलं ते एका शिक्षिकाबाईंच्या फोनमुळे. बाई रागावल्या नव्हत्या. गालिच्याला आंबूस वास येतोय, घरात बसवत नाही, तेवढा घेऊन जा, एवढंच म्हणाल्या. तिने गालिचा आणला, त्यात तोंड घातलं आणि श्वास ओढला. काहीच नाही. साबणाच्या डब्यात नाक घातलं. तिथेही काही नाही.

तिने तो गालिचा पुन्हा धुतला, पंख्याखाली अर्धा आठवडा ठेवला आणि गुपचूप पोचवला. कुणाला काही बोलली नाही, नवऱ्यालाही नाही. तिचा धंदा लोकांच्या तोंडावर चालायचा, आणि जगाचं तोंड कोण धरणार? प्रत्येक गालिचा ती आता गरजेपेक्षा दुप्पट वाळवू लागली. कामं तुंबली. रात्री डोळ्याला डोळा लागेना.

घरात नवऱ्याची थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत. यजमान गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. आयुष्यभर मोठ्या घराचा स्वयंपाक सांभाळलेली बाई, आणि इथे करायला काही नाही. मग त्या नाक मुरडत बसायच्या. या चादरीला कुबट वास येतो. पाण्याला लोखंडाचा वास येतोय. शेजारणीने आज पुन्हा काहीतरी करपवलं. दोघींचं उघड भांडण कधी झालं नाही, पण सख्य विळ्या-भोपळ्याचंच.

एका सकाळी गालिचेबाई स्वयंपाकघरात ओट्याकडे पाठ करून डबे पुसत होती. मागे शेगडीवर दूध उतू गेलं, आटलं, जळायला लागलं. ताई पलीकडच्या खोलीतून धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून गालिचेबाईने मान खाली घातली. पण ताई वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फळीवरून व्हिनेगरची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्या नाकाखाली धरली.

"कसला वास येतोय?"

"कसलाच नाही," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

ताई तिच्याशेजारी फरशीवर टेकल्या. "मग सांगायचं नाही का वहिनी? माझं नाक नुसतं बसून खातंय घरात."

रडता रडता तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई शेडमध्ये यायला लागल्या. सुरुवातीला धुळीने त्यांच्या शिंकांची रांग लागायची. त्यांच्या पसंतीला एकही गालिचा उतरेना. हा कोपरा अजून दमट आहे, त्यात साबण राहिलाय, याला कुत्र्याचा वास येतोय. वाळलेले गालिचे पुन्हा काठीवर चढवून भावाने शेवटी हात जोडले. पण तक्रारीचा फोन त्यानंतर एकदाही आला नाही.

पुढे एका घरून बोलावणं आलं. फोनवर मुलगा दबक्या आवाजात बोलत होता. वडील थकलेत, बाहेरच्या खोलीतल्या गालिच्यावर त्यांच्याकडून अधूनमधून होतं, वास जात नाही. दोघी तिथे गेल्यावर सुनेनेही तेच सांगितलं, अगदी मायेने. बाबांना कुणी बोललं नव्हतं. पण त्यांचं त्यांनाच उमगलं होतं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला तो माणूस, पूर्वी दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्ता बघायचा. आता खुर्ची मागच्या खोलीत गेली होती. पाणीसुद्धा ते घोटघोटच प्यायचे.

ताई गुडघ्यावर बसल्या. डागावर वाकल्या. मग थोड्या पुढे सरकल्या, पुन्हा वाकल्या. गालिचेबाई डाग शोषून घेणारं यंत्र लावायला निघाली होती, तिला त्यांनी हाताने थांबवलं.

"ही लघवी नाही."

सून संकोचून म्हणाली, दुसरं काय असणार?

"लघवीचा वास उग्र असतो, नाकात चढतो. हा कुबट आहे, ओल्या तागाचा. आणि भिंतीकडे जावं तसा वाढतोय."

दोघींनी मिळून कोपरा उचलला. गालिच्याची पाठ काळी पडली होती, तागाचं अस्तर बोटाने तुटत होतं. गालिचेबाईने खालची फरशी फडक्याने कोरडी केली आणि सगळे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने भिंतीच्या कडेने पाण्याची बारीक रेघ आली. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. प्लंबर आला, त्याने गिलावा फोडला, आणि आतल्या पाइपला गेलेली चीर दिसली.

मुलगा तिथेच उभा राहिला. बाबांना कसं सांगावं, हे त्याला सुचेना. इतके दिवस आपण गप्प राहिलो ते चांगलं केलं की वाईट, हेही त्याला कळत नसावं. ताई मात्र उठल्या आणि थेट मागच्या खोलीत गेल्या. गालिचेबाई त्यांच्यामागे दारापर्यंत गेली.

"बाबा, तुमच्या घराचा पाइप फुटलाय," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडून काही झालेलं नाही."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. "नक्की?"

"माझ्या भावजयीला विचारा. माझ्या नाकाने तिला किती छळलंय ते ती सांगेल."

गालिचेबाईने होकार दिला. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सुनेकडे पाणी मागितलं आणि पेला तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. सून पदराने डोळे टिपत खुर्ची उचलायला वळली.

गालिचा वाचला. सडलेलं अस्तर कापून गालिचेबाईने तागाचं नवं अस्तर शिवलं, व्हिनेगरच्या पाण्याने तो धुतला आणि ताईंनी हो म्हणेपर्यंत वाळवला. तो अंथरायला गेल्या तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसले होते. सावकाश करा, मला कुठे जायचंय, असं म्हणाले आणि रस्त्यावरच्या माणसांबद्दल ताईंना कायकाय सांगत बसले.

त्या घरातून पुढची घरं मिळाली. लोक फोनवर विचारायचे, त्या वास घेणाऱ्या बाई येतील ना? ताई हे ऐकायच्या, आणि त्या दिवशी केसांना तेल जरा जास्तच लागायचं.

गालिचेबाईचा वासही कधीतरी परतू लागला, तुकड्यातुकड्यांनी. आधी साबण आला. मग ओली लोकर आली, पण करपल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, येईल. तिने ताईंना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला, आणि लगेच चेहरा पडला.

"मग आता माझं इथे काय काम?" त्यांनी विचारलं.

"धुवायला शिका," गालिचेबाई म्हणाली. "नाकं दोन झाली आपल्याकडे, हात अजून कमीच पडतात."

ताई शिकल्या. वयाने कंबर वाकायची नाही, म्हणून त्यांनी लांब दांड्याचा ब्रश करून घेतला. पहिला गालिचा त्यांनी एकटीने धुतला तो एका नव्या जोडप्याचा, लहानसाच. त्याची झालर त्यांनी विंचरली ती थोडी वाकडी झाली. गालिचेबाईच्या ते लक्षात आलं, पण तिने बोट लावलं नाही. पोचवायला ताई स्वतः गेल्या, टेम्पोत भावाच्या शेजारी बसून. त्या घरातली मुलगी चपला काढून अनवाणी गालिच्यावर उभी राहिली आणि पायाची बोटं लोकरीत रुतवून हसली.

ताई परत टेम्पोत बसल्या आणि भावाने विचारायच्या आत म्हणाल्या, "चल, अजून उजेड आहे. वाटेतल्या दुसऱ्या घरचा गालिचाही आजच उचलून नेऊ."