बेलीझची उफराटी माती

“रवी, या नमुन्यांवर लेबलं कोणी लावली होती?” आमच्या लॅबची प्रमुख लिंडा हिनं विचारलं. ब्रिटिश माणूस ‘चूक तुझी’ असं कधी म्हणत नाही, असे प्रश्न विचारतो. लेबलं मीच लावली होती.

मी ब्रिस्टलच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. दलदलीत लांब नळी खुपसून मातीचा उभा नमुना काढतात, त्याला कोअर म्हणतात. हा कोअर मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधला. तिथे प्राचीन माया लोक दलदलीत चर खणून मधल्या उंचवट्यांवर मका पिकवत; अशाच एका उंचवट्यातून तो काढला होता. नियम साधा आहे, खालची माती जुनी, वरची नवी. पण कार्बन डेटिंगचा रिपोर्ट उफराटा आला. वरचा थर खालच्यापेक्षा जुना.

नमुन्यांची अदलाबदल झाली, असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा. तसा फॉर्म भरला की अख्खा कोअर बाद, आणि त्यावर आमची विद्यार्थिनी मेगन हिच्या पीएचडीची तीन वर्षं उभी होती. पोरगी माझ्यावर चिडली नाही. उलट चहा करून दिला. ते जास्त लागलं.

कोअर उभा चिरतात. अर्धा वापरतात, अर्धा जपून फ्रिजमध्ये ठेवतात. सही करायच्या आधी मी तो राखीव अर्धा बाहेर काढला. वरच्या टोकाशी आजच्या गवताची मुळं होती, म्हणजे नळी सुलटी होती. मुळांच्या खालीच, ज्या वरच्या थराचं वय जास्त आलं होतं त्यात, पाण्यातल्या गोगलगायींचे बारीक शंख होते. मी ‘वरचा थर’ असं लेबल लावलेल्या नमुन्याच्या डबीतही तेच निघाले, म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. पण कोरड्या उंचवट्यावर त्यांचं काय काम?

ओल्या गाळाचा वास आला आणि मी थेट कोकणातल्या आमच्या आगरात पोचलो. बाबा दर उन्हाळ्यात पाटातला गाळ घमेल्यानं उपसून सुपारीच्या बुंध्याशी टाकायचे. मी कुरकुरलो की म्हणायचे, “हे खत विकत मिळत नाही.” बाबांची फार आठवण आली.

मी लिंडाला बोलावलं. “लेबलं बरोबर आहेत. चर खोल करताना निघालेला जुना गाळ माया लोकांनी शेतावर टाकलाय.”

“कशावरून?”

“माझे वडील हेच करायचे.”

“ते रिपोर्टमध्ये लिहिता येणार नाही,” ती म्हणाली. “शंख मात्र येतील.”

मेगननं शेजारचे कोअर तपासले. तिथेही तेच निघालं. टाकून द्यायचा थर तिच्या प्रबंधाचा मुख्य पुरावा ठरला.

आता मी रिटायर झालोय. कोणी विचारलंच तर सांगतो, चूक कबूल करायची फार घाई करू नये. त्या दिवशी फॉर्मवर सही करायला माझं पेन उघडलेलं होतं. कुण्या माया शेतकऱ्याचे अख्ख्या उन्हाळ्याचे कष्ट माझा निष्काळजीपणा म्हणून फायलीत गेले असते.