मरळ लागली नाही

हे मी कुणाला बोललेलो नाही – पोरीलाही नाही. तुम्हाला सांगतो.

बायकोच्या दहाव्याला कावळा झटक्यात शिवला. सगळे म्हणाले, सुमनची काही इच्छा मागं राहिली नव्हती. राहिली होती. मला माहीत होती – आणि मी मान खाली घालून उभा राहिलो.

मी चौथी शिकलेला माणूस. सातपूरला कंपनीत हमाली केली, पण सुट्टीचा दिवस गळाचा. गंगापूर धरणाच्या पाण्यावर जायचो, मरळ धरून आणायचो. घरात एक रीत होती – मासा दारात आल्याशिवाय सुमन वाटण वाटायची नाही. आधी वाटलं की गळ रिकामा येतो, असं तिच्या आईचं म्हणणं.

म्हातारपणी हातात मोबाईल आला, त्यात मासे धरायचा गेम. हसू नका. गंगापूर रोडच्या कुठल्याही टपरीवर बघा, चहा निवतोय आणि माणसं पडद्यावर गळ टाकून बसलीत. रोज नवा गेम निघतो, लय मोठा धंदा झालाय म्हणे. गांडूळ संपलं की जाहिरात बघायची, मग ते एक गांडूळ देतात. मी – जन्मभर काठावरची माती उकरून गांडुळं काढलेला माणूस – एका खोट्या गांडुळासाठी साबणाच्या जाहिराती बघत बसायचो. पण त्या धंद्याला कशाला शिव्या देऊ? बोट तर माझंच होतं ना?

सुमन आजारी पडली. जेवण जाईना. एक दिवस म्हणाली, ‘‘अहो, मरळ आणा की धरून. रस्सा प्यावासा वाटतोय.’’

गळ घेऊन निघालो. धरणाच्या बसला वेळ होता, म्हणून टपरीवर बसलो, गेम उघडला. बस आली तेव्हा मोठा मासा गळाला होता – पडद्यावरच्या. बस गेली. दुसरी आली, तीही गेली. ऊन उतरल्यावर घरी जाऊन म्हणालो, ‘‘लागली नाही.’’

‘‘पाण्याचं काय सांगावं,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या लागंल.’’

असं किती वेळा झालं? मी मोजलं नाही. गुडघे धड होते, बस समोर थांबत होती. बाजारातून विकत आणली असती तरी तिला कुठं कळणार होतं? तेवढंही केलं नाही. घरी जाताना गळाला माती मात्र लावायचो – एवढी अक्कल होती.

शेवटच्या खेपेला दारात पाऊल टाकलं, तर घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास. सुमन भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात वाटण. अंथरुणातून उठून, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली असणार. जन्मात मोडली नव्हती ती रीत तिनं मोडली – का? आपल्याकडं वेळ उरला नाही, हे तिला कळलं होतं का?

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. म्हणाली, ‘‘माझंच चुकलं. आधी वाटलं ना मी.’’

आणि मी काय म्हणालो?

म्हणालो, ‘‘मग कशाला वाटलंस?’’

तिनं वाटणाच्या वाटीवर झाकण ठेवलं. परत मरळ मागितली नाही. त्याच आठवड्यात गेली – माझा गळ तिच्यामुळं रिकामा आला, असं समजून.