गोदाक्काचे हात

दिवाळीच्या सुटीत हॉस्टेल रिकामं झालंय. परीक्षा तोंडावर आहे म्हणून मी एकटीच मागे राहिलेय. विशेष शिक्षणातल्या एम.एड.चं हे माझं दुसरं वर्ष, विषय कर्णबधिर मुलांचा. दुपारचं जेवण उरकून मी आरशासमोर सांकेतिक भाषेची उजळणी करते. आई. पाणी. दुखतंय. सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नाही. मग कॉटवर आडवी होते. पंख्याचा आवाज लांब लांब जातो, आणि थांबतो.

दारात गोदाक्का उभी आहे.

माझी थोरली बहीण. जन्मापासून बहिरी. तिला शाळा मिळाली नाही. घरात आम्ही दोघींनीच खुणांची भाषा जुळवली होती. एकोणिसाव्या वर्षी तालुक्याच्या दवाखान्यात ती तापानं गेली. आई त्याआधीच गेलेली, मी परगावी शिकायला. तिच्याजवळ एकटे आमचे वडील, आबा, होते.

ती माझ्याशेजारी बसते. ‘कशी आहेस?’ मी हातांनी विचारते, वर्गात शिकवलंय तसं. ती नुसती बघत राहते. माझे हात तिला परक्या गावचे वाटतात. जुनी खूण आठवू म्हणते, तर बोटांना सापडत नाही. मग तीच माझी बोटं धरून एकेक दुमडून देते, आणि हात मोकळे होतात.

‘इथं काय करतेस?’ ती विचारते.

‘शिकतेय. तुझ्यासारख्या मुलांना शिकवायचंय.’

‘माझ्यासारखी अजून आहेत?’

‘पुष्कळ आहेत, आक्का.’

ती माझ्याकडे वळून बसते. ‘मला वाटायचं, मी एकटीच.’

आम्ही माझ्या वर्गात आहोत. बाकांवर पांढऱ्या चादरी आहेत. बाक नाहीतच, खाटा आहेत, आणि भिंतीला टेकून आबा उभे आहेत, टोपी हातात घेऊन.

“नुसते हातवारे करायलीय,” ते कुणाला तरी सांगतात. “मला काय उमजायलंय त्यातलं?”

आक्का आता खाटेवर आहे. मी तिच्यावर वाकते. इतकी वर्षं जे विचारायचं होतं, ते विचारते. ‘कुठं दुखत होतं?’

ती आपल्या कानाची पाळी चिमटीत धरते. पुन्हा धरते.

‘कान दुखत होता?’

ती हसते, मान हलवते. हात लांबवून माझ्या कानाची पाळी ओढते, आणि मला कळतं. लहानपणी माझे टोचलेले कान पिकले होते, मी दिवसभर पाळी धरून रडायचे. तेव्हापासून तिच्या हातांत माझं नाव तेच होतं.

‘मला हाक मारत होतीस?’

‘सारखी. दवाखान्यातले लोक माझ्या कानात औषध घालत होते.’

आबांकडे वळून मला ओरडून सांगायचंय, पण आवाज फुटत नाही. भिंत आहे, आबा नाहीत. मी निघतेय असं वाटून आक्का माझं मनगट घट्ट धरते. तिची काकणं माझ्या कातडीत रुततात. ती सोडत नाही, मीही सोडवून घेत नाही.

जाग येते. खोलीत संध्याकाळचं ऊन आहे. व्हरांड्यात कुणीच नाही. त्या नावानं मला ओळखणारं आता जगात कोणी नाही.

मी काकणं घालत नाही, कधीच घातली नाहीत. तरी मनगटावर लाल, बारीक, गोल वळ उमटलेत. ते पुसट होईपर्यंत मी हात तसाच धरून बसते.