अबू यासीनचा रुतब आणि राहून गेलेली कॉफी

“आधी गहवा घे, मग बघ,” अबू यासीन म्हणाला.

“नंतर घेतो,” मी म्हटलं आणि टूलबॅग उचलून थेट कोल्डरूमच्या मागे गेलो.

गहवा म्हणजे तिकडची कॉफी. दूध नाही, साखर नाही, वेलची मात्र भरपूर. वाटुकलीएवढ्या बिनकानाच्या कपात देतात. पुरे असेल तर कप जरा हलवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. सौदीत गेल्यावर पहिल्या आठवड्यात मला कुणी हे सांगितलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाकडे अकरा कप प्यायलो होतो. पण ती जुनी गोष्ट. आता मी शहाणा झालो होतो. इतका शहाणा की हल्ली बसतच नव्हतो.

मी दम्मामच्या एका कंपनीत रेफ्रिजरेशनचा सर्व्हिस इंजिनिअर होतो. दुसऱ्यांच्या वस्तू गार ठेवायच्या आणि आपण उन्हात भाजून निघायचं, हे काम मी तिथं वीस-बावीस वर्षं केलं. अबू यासीनची बाग हुफूफच्या बाहेर होती. दम्मामहून गाडीनं दीड तास. वाळवंट संपतं आणि एकदम खजुरीच खजुरी सुरू होतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमची दापोलीकडची वाडीच आठवली होती. फक्त माडाच्या जागी खजूर.

त्या कोल्डरूममध्ये रुतब होता. आपण दुकानातून आणतो तो सुकलेला खजूर. रुतब म्हणजे झाडावर नुकता पिकलेला, मऊ, मधासारखा. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर एक-दोन दिवसांत आंबतो. गोठवला तर रमजानपर्यंत टिकतो. अबू यासीनच्या वडिलांनी लावलेली तीसेक झाडं होती. त्या झाडांचा रुतब तो विकत नसे. सगळा गोठवून ठेवायचा आणि रमजानमध्ये मशिदीत रोजा सोडायला वाटायचा. वडिलांनी सुरू केलेलं, यानं चालू ठेवलेलं. खाणाऱ्यांत आपले बांगलादेशी, केरळी, यूपीवाले कामगारच जास्त. त्या वर्षीचा सगळा रुतब त्या एका खोलीत होता आणि खोली गार होत नव्हती. उणे अठरा पाहिजे, मीटरवर उणे अकरा.

पॅनलवर ओव्हरलोडचा लाल दिवा लागला होता. म्हणजे कॉम्प्रेसरच्या मोटरनं गरजेपेक्षा जास्त करंट ओढला आणि जळू नये म्हणून रिलेनं तिला बंद केलं. मी कंडेन्सर बघितला. कॉम्प्रेसरनं आतून ओढून आणलेली उष्णता जिथून बाहेर फेकली जाते ती जाळी. ती धुळीनं आणि खजुरीच्या काथ्यानं गच्च भरलेली. म्हटलं, सापडला चोर. जाळी धुतली, व्होल्टेज मोजलं, चारशेच्या जवळ, ठीक. मशीन चालू केलं. अर्धा तास बघितलं. मस्त चाललं.

“आता तरी गहवा,” अबू यासीन म्हणाला. साठी ओलांडलेला, उंच, हळू बोलणारा माणूस. दिवाणखान्याच्या दारात दल्ला, म्हणजे ती लांब चोचीची किटली, हातात घेऊन उभा होता.

“पुढच्या वेळी नक्की. आणि पॅनलला कुणी हात लावू नका हं. काही झालं तर मलाच फोन करा.”

खरं सांगतो, घाई कसली होती? गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी सुट्टी. संध्याकाळी कोकणातल्या दोस्तांच्या खोलीवर दापोली विरुद्ध म्हसळा अशी कॅरम ठरली होती. तेवढ्यासाठी मी म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा नाही म्हटलं आणि गाडी काढली. कॅरममध्येही हरलो, ते सोडा.

शुक्रवारी सकाळी देशपांडे साहेबांचा फोन. आमचे सर्व्हिस मॅनेजर, पुण्याचे.

“परकार, तुझी हुफूफची रूम परत बसली.”

“कसं शक्य आहे साहेब? काल मी स्वतः…”

“ते तू त्याला सांग. माणूस इतका शांतपणे बोलला ना, की मलाच कसंतरी झालं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.”

मी शर्ट चढवत होतो तेवढ्यात नसीमा दारात येऊन उभी राहिली. नसीमा माझी बायको.

“हुफूफला निघालात ना? मग आम्ही पण येतो. तो गुहांचा डोंगर दाखवतो म्हणून दोन वर्षं झुलवताय.”

“अगं कामाला चाललोय मी!”

“मग करा ना काम. आम्ही काय तुमचा पाना धरून ठेवणार आहोत?”

आमची सना तेव्हा नववीत. दम्मामच्या इंडियन स्कूलमध्ये. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. ती आधीच गाडीत जाऊन बसली होती.

पोचलो तेव्हा मीटरवर उणे पाच. पुन्हा तोच लाल दिवा. आदल्या दिवशी बंद पडलेलं मशीन तसंच होतं, कारण हात लावू नका असं मीच बजावलं होतं. अबू यासीननं सलाम केला, नसीमा आणि सनाला त्याची मुलगी मरियम आत घेऊन गेली. बायकांना नाही म्हणायची सोयच नसते. मला पुन्हा गहव्याचं विचारलं. मी पुन्हा, नंतर.

कंडेन्सर स्वच्छ. गॅस बरोबर. व्होल्टेज पुन्हा मोजलं, उत्तम. रिसेट केलं, चालू झालं, अडीच वाजेपर्यंत काही तक्रार नाही. मधे जुम्म्याची नमाज पढून आलो. मग उरलं काय? कॉम्प्रेसर. आतून खराब झाला असेल, चालतो चालतो आणि अडकतो. असं होतं कधीकधी. मी साहेबांना फोन केला.

“कॉम्प्रेसर बदलावा लागेल.”

“स्टॉकमध्ये नाही रे. जेद्दाहून यायला चार दिवस. दुसऱ्या कुणाच्या रूममध्ये माल हलवता येईल का?”

अबू यासीनला विचारलं. त्यानं फक्त मान हलवली. सीझन होता, हुफूफमधली प्रत्येक कोल्डरूम दारापर्यंत भरलेली.

“चार दिवसांत रुतब जाईल,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानं कोल्डरूमचं दार उघडलं. मग आत गेला, वरच्या रांगेतला एक खोका उघडला, एक खजूर दोन बोटांत दाबून बघितला आणि परत होता तसा झाकला. “माझ्या बापाच्या वेळी बर्फ नव्हता,” तो म्हणाला, “तेव्हा उन्हात सुकवून वाटायचे. आता मला तेही जमणार नाही. गोठलेलं एकदा सुटलं की सुकत नाही.”  तीस झाडं, सगळं वर्ष, आणि मी तिथं पाना घेऊन उभा.

तरी काम ते काम. कॉम्प्रेसर सोडवायचा तर आधी गॅस काढून घ्यावा लागतो. एकदा गॅस काढला की मशीन चार दिवस मेलेलंच. मी गाडीतून गॅसचं सिलिंडर उतरवलं, पाइप जोडायला बसलो. तेवढ्यात मोबाइल वाजला. नसीमा. पन्नास पावलांवरच्या घरातून.

“अहो, तिकडे लाइट नीट आहे का?”

“नसीमा, मी कामात आहे.”

“अहो ऐका तरी! इथं ट्यूबलाईट एकदम मलूल झाली. मिक्सर बघा कसा रडतोय. ही मरियम म्हणते रोज होतं, दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजेनंतर.”

मागून सनाचा आवाज आला. “अब्बा, न्यू पंप! मरियम सेज विहिरीवर न्यू पंप बसवलाय, लास्ट वीक. बिग वन!”

मी पाइप तिथंच टाकला आणि मीटर घेऊन पॅनलकडे पळालो. एरवी चारशे दाखवणारं व्होल्टेज तीनशे तीसवर आलं होतं. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते. मी नुसता बघत राहिलो. करंट चढत गेला, चढत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत खट्. लाल दिवा.

कॉम्प्रेसर ठणठणीत होता. मी दोन्ही दिवस व्होल्टेज अस्रच्या आधीच मोजलं होतं, आणि पंप चालू व्हायचा अस्रनंतर, बागेला पाणी सोडायला. गुरुवारी कॅरमसाठी मी निघालो तेव्हा अस्रला जेमतेम तासभर होता.

“पंप बंद!” मी ओरडलो. “यल्ला, यल्ला, पंप बंद करा!”

पंप थांबला. लाइट उजळली. मोटर थोडी गार होऊ दिली, रिसेट केलं आणि कॉम्प्रेसर गुरगुरायला लागला. मी सिलिंडर परत गाडीत ठेवलं.  दहा मिनिटं अजून गेली असती तर गॅस निघालाच होता.

मग मी गहव्याला बसलो. न सांगता, स्वतःहून. दिवाणखान्यात गालिचा, भिंतीला टेकून लोड, मधे रुतबची थाळी. अबू यासीननं ओतलं. मी पहिला कप संपवेपर्यंत तो माझ्याकडे बघून मिशीत हसत होता.

“पंपाचं मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सांगणार होतो,” तो म्हणाला. “नवा पंप तुला दाखवायचाच होता. इथं लाइट जाते-येते ते पण विचारायचं होतं. पण तू बसलास कुठे? उभ्या माणसाला काय सांगायचं?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याकडे पाहुण्यानं कॉफी घेतल्याशिवाय कामाचं बोलणं काढत नाहीत, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. मी त्याला टाइमपास समजत होतो. आणि दिवाणखान्यातला दिवा तर अगदी माझ्या डोक्यावर होता. गुरुवारी बसलो असतो तर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं.

सूर्य मावळून मगरिब होईपर्यंत मीटर उणे दहावर आला. वरच्या रांगेतले पाच खोके सुटले, ते आता रमजानपर्यंत टिकणार नव्हते. बाकीचे वाचले. ते पाच अबू यासीननं बागेतल्या कामगारांना तिथल्या तिथं वाटून टाकले. एक खजूर स्वतः खाऊन बघितला, “अल्हम्दुलिल्लाह” म्हणाला आणि माझा खांदा दाबला. पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्डरूमला वेगळी केबल टाकली. त्या दिवशी डोंगर काही झाला नाही. अंधार पडला होता. परतताना नसीमा गाडीत फार गप्प होती, म्हणजे जिंकल्यासारखी.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, फॉल्ट कोणी शोधला. मी लिहिलं, मिसेस परकार.

“अरे हे क्लायंटला जाणार आहे!” देशपांडे साहेब म्हणाले.

“मग कस्टमर लिहा साहेब. मी तर शोधला नाही ना!”

त्यानंतर मी तिथं होतो तोवर दर रमजानला एक खोका दम्मामला यायचा. आता आम्ही दापोलीला परत येऊन चार वर्षं झाली. सना पुण्यात नोकरी करते, फोनवर अजून इंग्लिशच बोलते. अबू यासीन व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतो, झाडांची खुशाली सांगतो. एखाद-दोन वर्षांनी कुणाच्या तरी सामानातून खजूर येतात. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, परत केला, नोकरीचं कार्ड परत केलं, पण तो दिवाणखाना काही मनातून जात नाही. इतकी वर्षं घरी परतायची घाई केली आणि आता इथं बसून तिथली आठवण येते. वेडेपणाच आहे.

मला अजून अधूनमधून हर्णैच्या बर्फ कारखान्यातून बोलावणं येतं. मालक तरुण आहे. परवा मी पोचल्या पोचल्या म्हणाला, “काका, आधी मशीन बघून घ्या, चहा नंतर मागवतो.”

मी टूलबॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.

“चहा आधी,” मी म्हटलं. “आणि बस असा समोर. सांग, हल्ली इथं नवीन काय बसवलंय?”