ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी

मी फौजेत व्हेईकल मेकॅनिक होतो. चोवीस वर्षं सर्व्हिस करून हवालदार म्हणून पेन्शनीला आलो. गाव पलूस तालुक्यात, गॅरेज कुपवाडला. फौजी म्हटलं की लोकांना गोळीबाराची गोष्ट हवी असते. माझ्यावर आख्ख्या सर्व्हिसमध्ये एकदाही गोळी झाडली गेली नाही. मी सांगतोय ते एका जुन्या व्हॅनच्या रेडिएटरचं आहे.

शेवटून दुसरी पोस्टिंग. उंचावर बसलेल्या एका पायदळ बटालियनला आमची छोटी वर्कशॉप तुकडी जोडलेली होती. अकरा माणसं, दोन तंबू, एक पत्र्याची शेड. सकाळी साडेपाचला उठून आधी सगळ्या गाड्या चालू करून बघायच्या, मग चहा. त्यात एक जुनी ॲम्ब्युलन्स व्हॅन होती. तिच्या बदल्यात नवी मंजूर झाली होती, पण पोचली नव्हती. ड्रायव्हर नायक तानाजी, तासगावकडचा. मला वस्ताद म्हणायचा.

थंडी सुरू व्हायच्या आधी हुकूम आला. सगळ्या गाड्यांची कूलिंग सिस्टीम धुवायची, नवं कूलंट, म्हणजे थंडीत न गोठणारं पाणी, भरायचं. नऊ गाड्या, चार दिवस.

काम अवघड नाही. इंजिनाच्या ब्लॉकमधून पाणी फिरतं, उष्णता घेतं, पुढं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन थंड होतं. जुन्या गाडीत त्या पाण्याला गंज चढतो. आधी त्यात गंज सोडवणारं औषध घालायचं, इंजिन वीस मिनिटं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, मग सगळं पाणी काढायचं. ते दोन ठिकाणांहून निघतं. एक रेडिएटरच्या खालची तोटी. दुसरा ब्लॉकच्या बगलेचा प्लग. दोन्ही खोलावे लागतात.

व्हॅनचा प्लग जाम होता. मी तेल सोडलं, ठोकलं, पाना घसरला, बोटं सोलली. चौथ्या दिवसाची दुपार होती आणि दोन ट्रक बाकी होते.

तानाजी वाकून बघत होता. "वस्ताद, ह्यो खोलायचा न्हाई व्हय?"

"जाम हाय. तुटला तर ब्लॉक जाईल."

"मग आतलं पानी?"

"रेडिएटर चार बार धुतलाय. बास झालं."

जॉब कार्डवर 'सिस्टीम फ्लश', म्हणजे सगळी धुतली, असं लिहिलं आणि सही केली. औषधानं सुटलेला गंज ब्लॉकमध्ये तसाच राहिला होता. काहीच केलं नसतं तर तो भिंतीला चिकटून बसला असता. मी तो सुटा करून आत ठेवला. हे मला त्या वेळीही कळत होतं. पुढच्या आठवड्यात बघू, असं मनाशी म्हटलं.

अकरा दिवसांनी, सकाळी ०९००. वरच्या पोस्टवरून शिपाई विकासला खाली आणलं. वय तेवीस, गाव खंडाळा तालुक्यात. फुफ्फुसात पाणी भरत होतं. उंचीवर हे होतं, आणि त्यावर खरा इलाज एकच, माणसाला लवकर खाली नेणं. आमच्याकडून इस्पितळ छत्तीस किलोमीटर, पण मध्ये खिंड होती. आधी चढायचं, मग उतरायचं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं.

डॉक्टर कॅप्टननी विचारलं, "गाडी फिट है?"

मी म्हणालो, "फिट है, साब."

०९३५ ला व्हॅन निघाली. तानाजी, विकास, आणि ऑक्सिजन सिलिंडर घेऊन नर्सिंग असिस्टंट.

१०१० ला वायरलेस सेटवर तानाजीचा आवाज आला. "गाडी गरम. टॉप से दो किलोमीटर नीचे खडी है. ओवर."

"पानी डालो. ओवर."

"डाला. अंदर नहीं जा रहा. ओवर."

मला समजलं. चढावर इंजिनानं जोर घेतला, ब्लॉकमधला गंज रेडिएटरमध्ये आला आणि नळ्या बुजल्या. मागं उतरायचं तर अरुंद रस्त्यावर गाडी वळवता येत नव्हती, आणि इंजिन बंद असताना ब्रेकला जोर राहत नाही.

आमच्या तुकडीच्या सुभेदारसाहेबांनी दुसरी गाडी काढली. मीही बसलो. सतरा किलोमीटर चढ. आम्ही ११०२ ला पोचलो. व्हॅन बावन्न मिनिटं तिथं उभी होती.

तानाजी बॉनेटपाशी होता. इंजिन थंड व्हायची वाट न बघता त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत आणि मान भाजली होती. बर्फावर तपकिरी पाण्याचा सडा पडला होता.  मी आणि नर्सिंग असिस्टंटनं विकासला उचलून दुसऱ्या गाडीत घेतलं आणि दोघंही मागं त्याच्याजवळ बसलो. आडवं केलं की त्याला श्वास घेता येत नव्हता, म्हणून मी त्याला पाठीमागून धरून बसवून ठेवलं. छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. ओठ निळे पडले होते.

खिंड ओलांडल्यावर त्यानं विचारलं, "कुटलं गाव तुमचं?"

"पलूसकडचं."

"जवळच की." थोड्या वेळानं म्हणाला, "त्या डायवरचा हात लय भाजलाय. त्याला बी घ्या."

"मागनं येतोय त्यो. तू बोलू नगं."

इस्पितळ पाच किलोमीटर राहिलं असताना आवाज थांबला. नर्सिंग असिस्टंट शेवटपर्यंत छाती दाबत राहिला. ११५० ला इस्पितळाच्या डॉक्टरांनी विकासला मृत घोषित केलं.

दुसऱ्या दिवशी मी तो प्लग खोलला. लांब पाइप लावून, पंधरा मिनिटांत. ब्लॉक फुटला नाही. चिखलासारखा गंज आला, अर्धी बादली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेजरसाहेबांनी जॉब कार्ड पुढं ठेवलं. "सही तुम्हारी?"

"जी साब."

"ब्लॉक ड्रेन किया था?"

"नहीं, साब."

मला शिक्षा झाली. प्रमोशन थांबलं, ते बरोबरच होतं. तानाजीचा हात वाचला, पण दोन बोटं वाकत नाहीत. त्यानं चौकशीत माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला.

विकासच्या घरी 'ड्युटीवर असताना उंचीच्या आजारानं' एवढंच कळवलं होतं. पेन्शनीला आल्यावर दोन वर्षं मी कुपवाडात लोकांच्या गाड्या दुरुस्त करत राहिलो. मग एका रविवारी सकाळी त्यांच्या गावी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. आईनं चहा आणून ठेवला. मी उभ्यानं सगळं सांगितलं.

वडिलांनी विचारलं, "किती येळ उबी हुती गाडी?"

"बावन्न मिनिटं."

"तुमच्या हातनं ऱ्हायलं?"

"व्हय, आबा."

"डाक्टर काय म्हनलं?"

"वेळेत पोचला असता तरी वाचलाच असता असं सांगता येत नाही, म्हणाले."

"म्हंजी वाचला बी असता."

"व्हय."

ते उठले. "निघा आता," म्हणाले आणि आत गेले. विकासची आई खांबाला धरून उभी होती. तिनं विचारलं, "शेवटाला काय बोलला का त्यो?" मी तानाजीच्या हाताचं सांगितलं. ती मान हलवत राहिली. चहा तसाच राहिला.

आठ महिन्यांनी वडिलांचा फोन आला. त्यांनी गावातल्या आजारी माणसांना साताऱ्याला न्यायला एक जुनी व्हॅन घेतली होती. "खंबाटकी चढताना गरमीचा काटा वर जातुया. या."

मी हत्यारं घेऊन गेलो. आबा समोर दगडावर बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. मी तोटी खोलली, पाण्याची उष्णता सांभाळणारा थर्मोस्टॅट काढला, ब्लॉकचा प्लग काढला. तोही जाम होता. तो गरम केला, तेल सोडलं, वाट बघितली, परत गरम केला. तासभर गेला. सुटल्यावर लाल पाणी आलं. पाइप लावून उलटं-सुलटं धुतलं. सातव्या वेळेस पाणी स्वच्छ आलं तेव्हा आबा उठले आणि त्यांनी धारेखाली हात धरला. बराच वेळ धरला.

नवा थर्मोस्टॅट बसवला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हीटर पूर्ण उघडून आतली हवा काढली. मग आबा म्हणाले, "घाटात घ्या."

आख्खा घाट ते काट्याकडं बघत होते. काटा मध्यावर राहिला. वर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"असं वरपातूर न्यायला पायजे हुतं त्याला," ते म्हणाले.

मी व्हय म्हणालो. मग गाडी गावाकडं घेतली.

आता दर वर्षी हिवाळ्याआधी मी त्या व्हॅनची कूलिंग सिस्टीम धुवायला जातो. आबा बोलावतात, पण घरात या म्हणत नाहीत. काम संपलं की शाळेसमोर गावानं उभ्या केलेल्या विकासच्या स्मारकाच्या दगडापाशी जाऊन सॅल्यूट करतो. शिपाई विकास, वय तेवीस, सर्व्हिस तीन वर्षं चार महिने, एवढंच त्यावर कोरलंय. तो का गेला ते दगडावर नाही. म्हणून मी इथं लिहिलं.